बारा आणे दाब, दहा आणे ऊब

१२ मार्च १९६३, अकोला

सकाळी बोक्यानं खुडूक कोंबडी नेली. अंड्यांवर बसली होती, उठली नाही, म्हणून सापडली. पळाली असती तं वाचली असती बिचारी. एक अंडं फुटलं. बाकीचे सारे धड, हाताले अजून गरम.

हे अंडे साधे नाहीत. ब्लॉक ऑफिसच्या साहेबानं दिलेले, पांढऱ्या विलायती कोंबडीचे. त्या कोंबड्या अंडे खूप देतात म्हणे, पण बसत नाहीत. मेमसाहेब त्या! त्यांची पोरं वाढवायले गावठीच लागते. म्हणून शेजारच्या शेवंताची खुडूक मागून आणली होती, शिमग्याच्या तोंडावर बसवली होती. माह्या स्वतःच्या कोंबड्या दिवाळीच्या मागंपुढं मानमोडीच्या रोगानं गेल्या, एक नाही राहिली. खुराडं तवापासून रिकामं. सकाळी उठून कोणाले दाणे टाकाव? चिमण्यांले टाकते, पण चिमण्या काही आपल्या नसतात.

वसंता, माहा लेक, तहसिलीत कारकून आहे. आंघोळ करून आला, पाह्यलं, म्हणे, "झालं माय? संपलं आता. खुराडं मी मोडतो. तिथी सायकलीले पडवी करतो."

म्या म्हटलं, "अंडे थंडे झाले का?"

"होतीनच."

"मंग झाल्यावर बोल."

ठरलं असं, पिलं निघाले तं खुराडं राहीन, नाही निघाले तं पडवी. त्यानं माह्या हातावर हात मारला. सरकारी माणूस, शब्द फिरवत नाही.

नात घरी आहे हे बरं. कमल, वसंताची थोरली, अमरावतीले कॉलेजात इंटर सायन्सले शिकते. परीक्षेच्या अभ्यासाची सुट्टी. तिनं पुस्तकातून मान वर केली अन् म्हणे, "आजी, कोंबडीनं काय दिलं असतं? ऊबच ना? मंग ऊब आपण देऊ. बल्बची."

अंडे सध्या गोधडीत गुंडाळून चुलीजवळ. सून म्हणे, स्वयंपाक कुठी करू? म्या म्हटलं, लांबून कर.

१३ मार्च

चहाची पेटी आणली वाण्याकडून, पातळ फळ्यांची. आतून चांदीवानी कागद होताच. वर फळी, समोर काचेची खिडकी हातभर लांब. आत खाली भुसा, त्यावर अंडे, एका कोपऱ्यात वाटीभर पाणी. क.नं सारं मोजून केलं. मधात एक बल्ब टांगला, साठ नंबरचा.

वायर जोडायले नूरभाई आला. गल्लीच्या तोंडाशी त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. भला माणूस, फक्त बोलते फार. मी कमी बोलते असं नाही म्हणा. पेटी पाहून म्हणे, "अम्मा, अब बिजली अंडे पे बैठेगी क्या?"

"बैठेगी. तुमी फक्त तिले पळू नका देऊ."

एक गोष्ट राहिली होती. अंडे तेरा ठेवले होते, एक फुटलं तं जोड झाली. जोडीनं अंडे ठेवत नसतात, विषम पाहिजे. शेवंताकडून एक गावठी आणून टाकलं. क. कपाळाले हात लावून बसली. "आजी, ते चार दिवस मागून निघन!" निघू दे. मागून येणारं येतेच. छप्पन साली आमी धम्म घेतला, उपासतापास सोडले, अंगारेधुपारे सोडले, पण कोंबडीले कोणी काही सांगतलं नव्हतं.

ताप पाहायची काचेची नळी अंड्यांवर ठेवली. शंभरावर जरासक पाहिजे, क. म्हणते.

१५ मार्च

दोन दिवस नळी एकशेदोन दाखवते. सकाळी एकशेदोन, दुपारी एकशेदोन, दिवेलागणीले एकशेदोन. क. खुश.

मी खुश नाही. अंड्याचा ताप मी पापणीले लावून पाहते, माह्या आईनं शिकवलं होतं. हाताची चामडी भांडे घासून मेली असते, पापणी खोटं बोलत नाही. दुपारचं अंडं पापणीले बरं लागते. संध्याकाळचं लागत नाही. कोमट. उतरलेल्या चहावानी.

क.ले म्हटलं. म्हणे, "आजी, नळी एकशेदोन दाखवून राहिली." म्हटलं, "दाखवू दे."

१६ मार्च

क. हसून हसून खाली बसली. "आजी, मी मूर्ख. हे तापाची नळी हाय. पारा वर चढते, पण झटकल्याशिवाय खाली येतच नाई!" म्हणजे दुपारी चढला तो पारा तसाच. ताप उतरला तरी नळी वरचाच आकडा धरून बसलेली. आमच्या सगुणाबाईवानी, सगुणाबाई म्हणजे माही नणंद, बाळापूरची. एकदा रुसली का कारण संपलं तरी तोंड तसंच.

नळी झटकून संध्याकाळी ठेवली. पहिल्या रेघेपर्यंतही नाही चढली.

मंग संध्याकाळी होते काय? बल्ब तोच, पेटी तीच.

क. खोलीतल्या दिव्याकडे पाहत राहिली. तो पिवळा पडला होता. रोजच पडते संध्याकाळी, आमी कधी ध्यान दिलं नाही. साऱ्या गावाचे दिवे, पिठाच्या चक्क्या, सारे एकदम लागतात. क. म्हणे, "आजी, दाब उतरते."

१७ मार्च

शेवंताच्या अंगणात कुरोड्या केल्या. सोऱ्या माह्या हाती, क. बाजूले पुस्तक घेऊन. तिचा विजेचा धडा चालू, मोठ्यानं वाचे, मले एक अक्षर कळे ना. मंग तिनं पुस्तक मिटलं अन् माह्या दंडाकडे पाह्यलं.

आता मले कळलं ते लिहून ठेवते, नाही तं उद्या डोक्यातून जाईन.

सोऱ्याची मूठ किती जोरानं दाबली, तो दाब. त्याले व्होल्ट म्हणतात. खालून चीक किती निघते, ती धार. तिले अँपिअर. चकतीचे भोकं बारीक का मोठे, ते अडवण. तिले ओहम म्हणतात. भोकं बारीक तं तेवढ्याच जोरात धार कमी. दाबाले धारेनं भागलं का अडवण कळते, चकती उघडून पाहावं लागत नाही.

अन् दंडाले जे लागते ते कष्ट. ते दाब गुणिले धार. जोर लय पण चीक निघत नसन तं काम झालं नाही, चीक बदाबदा निघते पण जोर लागत नसन तं तेही काही काम नव्हे. दोन्ही पाहिजे. त्या कष्टाले वॅट म्हणतात. बल्बात तेच कष्ट ऊब होऊन निघतात.

माही खूण:
दा ÷ धा = अ
दा × धा = ऊ

शेवंता म्हणे, "काय व माय, कुरोड्या करून राहिली का मॅट्रिक?" म्या म्हटलं, "मॅट्रिक मागं राहिली. इंटर!"

१८ मार्च

नूरभाईनं त्याचं मीटर आणलं, इंग्रजांच्या टायमाचं, लाकडी डब्यात. त्याले जीवापाड जपते. दाब मोजायचा तं दोन वायरींच्या दोन काठांले मीटरच्या तारा नुसत्या टेकवून मोजते. धार मोजायची तं वायर तोडून मधात उभं कराव लागते. बरोबरच आहे. नदी किती खोल हे काठावरून काठी टाकून कळते, ओढ किती ते पाण्यात उतरल्यावर.

दुपारी दाब निघाला दोनशे चाळीस. धार पाव अँपिअर.

हे मले कागदाशिवाय आलं. शाळेत मी गेलीच नाही, अक्षरं तं विहारातल्या बायांच्या वर्गात गिरवली, पन्नाशी उलटल्यावर. पण पावकी-निमकी माह्या भावानं घरी घोकली ती मी चुलीजवळ बसून ऐकली. त्याची सारी विसरून गेली, माही आहे. दोनशे चाळीस पावके साठ. बल्बावर साठच लिहिलं होतं! म्या टाळीच वाजवली. म्हणजे कारखानेवाला खोटं नाही बोलला.

अडवण? दोनशे चाळीसले पावानं भागाव, म्हणजे चौपट. नऊशे साठ ओहम. इतकुश्या तारेत इतकी अडवण! केसावानी तार.

दिवेलागणीले पुन्हा मोजलं. दाब एकशेऐंशी.

नूरभाई म्हणे, "अम्मा, पौने पे आ गया." दोनशे चाळीसचा पाऊण. बारा आणे. आता नवे पैसे आले, सहा वर्ष झाले, पण माह्या डोक्यात आणेच. पीक कसं आहे विचारलं तं अजून सारे आण्यातच सांगतात, सोळा आणे, आठ आणे.

म्या म्हटलं, "मंग ऊबही बारा आणे असन. एवढ्यानं अंडे थंडे पडत नाहीत."

क. म्हणे, "नाई आजी. दाब कमी झाला तं धारही कमी होते. दोन्हीचा गुणाकार हाय ना?"

बाप्पा! होय की. दाब बारा आणे, धारही बारा आणे. बाराचा पाऊण नऊ. ऊब नऊ आणेच राहिली! रुपयातले सात आणे हवेत गेले, अन् दिवा नुसता जरासक पिवळा दिसते. डोळ्याले बारा आणे दिसते, अंड्याले नऊ आणे लागते.

किती मजा वाटली मले. इतकी मजा वसंता नोकरीले लागला तवाही नव्हती वाटली. (हे त्याले वाचायले द्यायचं नाही.)

१९ मार्च

कालचा हिशेब चुकला, पण काय छान चुकला.

नऊ आण्याच्या हिशेबानं धार टिंब अठरा-एकोणीस निघायले पाहिजे होती. क.नं काल संध्याकाळचा लिहून ठेवलेला काट्याचा आकडा पुन्हा पाह्यला. टिंब एकवीस. तिनं केलं, एकशेऐंशी गुणिले टिंब एकवीस, अडतीसच्या आसपास. साठातले अडतीस म्हणजे नऊ नाही, दहा आणे.

"नूरभाईचं मीटर बुढं झालं," म्या म्हटलं.

क. पेन चावत बसली. मंग एकशेऐंशीले टिंब एकवीसनं भागलं. अडवण साडेआठशेच्या वर जरासक. दुपारी नऊशे साठ होती!

"आजी, बल्ब तोच, तार तीच, अडवण कमी कशी झाली?"

मले काय विचारते? पण बोलून गेली, "तार थंडी झाली असन."

ती उभीच राहिली. पुस्तकात तेच लिहिलं आहे म्हणे, मागच्या पानावर, बारीक अक्षरात. तार जितकी तापते तितकी जास्त अडवते. दिवा मंद झाला, तार निवली, तं तिनं जरासक वाट दिली. म्हणून नऊच्या जागी दहा.

माणसाचंही तसंच आहे. तापलेल्या माणसातून शब्द जात नाही. आमचे हे जिनिंग फॅक्टरीतून भांडून आले का मी तासभर काही बोलत नसे. निवले का मंग मी लुगडं मागे.

म्हणजे हिशेब: दाब बारा आणे, ऊब दहा आणे. साठच्या जागी संध्याकाळी शंभरचा बल्ब पाहिजे, त्याचे दहा आणे म्हणजे साठावर दोन-अडीच. बरोब्बर!

नूरभाईनं शंभरचा नाही टाकला. चाळीसचा दुसरा बल्ब टांगला, त्याले वेगळं बटन. संध्याकाळी दोन्ही, दाब वर आला का एकच. बटन माह्या हाती. क.नं बजावून ठेवलं, "आजी, दाब परत आला अन् दोन्ही चालू राह्यले, तं अंडे उकडतीन."

वसंता ऑफिसातून आला, दोन बटनं पाहून म्हणे, "बिजलीघर उघडलं का घरात?" म्या म्हटलं, "हो. तू सायकल बाहेर ठेव."

२१ मार्च

क. अमरावतीले गेली. एस.टी.वर सोडायले मी गेली. गाडीत चढताना म्हणे, "आजी, भ्याव नको वाटू देऊ." मले? मी काहून भिऊ? परीक्षा तिची आहे. माह्याजवळ दोन बटनं, एक नळी, दोन पापण्या.

संध्याकाळी बटन दाबलं. पारा झटकून ठेवला. शंभरावर एक. शाबास.

दिव्याचा रंग पाहून दाब ओळखता येऊन राहिला. दुपारी दिवा दुधावानी, संध्याकाळी तुपावानी. तुपाच्या पुढं मधावानी झाला तं मात्र बारा आण्याच्या खाली गेला समजाव. मधावानी अजून झाला नाही.

अंडे दिवसातून दोनदा फिरवते. कोंबडी चोचीनं फिरवते, मी बोटानं. शेवंता म्हणे, "पाठीवर पंख फुटले का व तुले?" हसू दे.

२४ मार्च

आजचं लिहायचं नव्हतं, पण लिहिते.

सगुणाबाई बाळापूरहून आली सकाळीच. मोठी नणंद, आली का तिचा मान राखावा लागते. चहा दिला. मले शेवंताकडे चीक ढवळायले जायचं होतं, गव्हाचा चीक थांबत नाही. सून दळणाले गेली. सगुणाबाई म्हणे, "जा वयनी, मी बसते इथीच."

तासाभरानं येईन म्हटलं, दुपार कलली. चिकाचं तसंच असते.

परत आली तं पेटीची खिडकी काळी. आत अंधार.

"बाई! दिवा?"

"म्या बंद केला," सगुणाबाई म्हणे, अंगावर पदर सारखा करत. "दिवसाढवळ्या दिवा जळून राहिला होता. म्या म्हटलं वयनी विसरली. दिवसा दिवा जळाव का घरात? अवदसा येते. अन् वसंताच्या जिवाले विजेच्या बिलाचा घोर वेगळाच."

"कवा बंद केला?"

"तू गेली अन् लगेच."

मी खाली बसली. अंडं पापणीले लावलं. थंड. माठाखालच्या वाळूवानी.

काय बोलू? तिनं तं घराच्या भल्यासाठी केलं. दिवसा दिवा दिसला तं मीही दुसऱ्याच्या घरी मालवलाच असता. तिले सांगतलं पेटीत काय आहे. तिनं तोंडावर हात धरला. "मले वाटलं देवघर केलं तुमी नवं. म्हटलं आता हे लोक कोणाले दिवा लावून राहिले?"

अशात हसू आलं मले. खरंच आलं.

मंग सगुणाबाई घाबरली. "वयनी, दोन्ही लाव. अजून असन तं तो खोलीतलाही लाव. भरभर तापव."

नाही. दुपार आहे, दाब सोळा आणे. दोन्ही लावून सोडले तं पुरे शंभर वॅट, बंद पेटीत. वरून करपन, आत थंडं. खिचडीचं तेच होते मोठ्या जाळावर. म्या दोन्ही लावले, पण नळी समोर ठेवून, अन् पारा हलायले लागल्याबरोबर चाळीसचा मालवला. पुढं साठ एकटा. हळूहळू चढला. सगुणाबाई बाजूले बसून "चढला का? चढला का?" करे, जशी तिच्या लेकीची वेळ भरली आहे.

खरी कोंबडीही अंड्यावरून उठतेच ना. दाणे खायले, धुळीत लोळायले. एवढी थंडी अंडे सोसतात. पण आजची जास्त होती, हेही खरं आहे.

वसंताले मीच सांगतलं. त्यानं पडवीचं नावही नाही काढलं. ते मले जास्त लागलं.

२६ मार्च

सगुणाबाई आज जाणार होती, गेली नाही. म्हणे पाह्यल्याशिवाय पाय निघत नाही.

अंडे उजेडासमोर धरून पाह्यले. दार लावलं, पेटीच्या खिडकीसमोर एकेक अंडं, बाजूनं तळहाताचा आडोसा. काही आतून काळेकुट्ट भरलेले, अन् भरल्याच्या काठावर काहीतरी सरकते. सरकलं! सगुणाबाईनं माहा दंड इतका दाबला का वळ उठला. तिघं-चौघं मात्र नुसते पिवळे, आरपार. ते काढले. एक-दोनचं कळत नाही, काळे आहेत पण हलत नाहीत. झोपले असतीन. ते ठेवले.

काढताना जीव जड झाला. पण राह्यलेले आहेत.

२८ मार्च

आता अंडे फिरवायचे नाहीत. पिलू चोचीची दिशा धरते, त्याले भुलवायचं नाही.

संध्याकाळी दोन बटनं, दहा आणे, शंभरावर एक. माही गाडी रुळावर आहे. अमरावतीचा विचार येते. क.चा विजेचा पेपर झाला का राह्यला कोण जाणे.

सगुणाबाईही नळी झटकायले शिकली. बांगड्या वाजवत झटकते.

३० मार्च

सकाळी एका अंड्याले कान लावला, आत टोकटोक! बारीक. साऱ्यांले ऐकवलं. वसंतानंही ऐकलं. "घड्याळ हाय का माय आत?" म्हणे. कान मात्र दोनदा लावला.

अन् आजच गल्लीतल्या टेलर मास्तरच्या पोरीचं लगन, गोरज मुहूर्ताचं. गल्लीभर मांडव, रंगीत माळा, भोंगा. विजेचं काम सारं नूरभाईकडं. माळा लागल्या, भोंगा लागला, अन् घरातला दिवा मधावानी नाही, गुळावानी झाला. पेटीत पाह्यलं, दोन्ही बल्ब लाल तारेवर आलेले.

लुगडं सावरून मांडवात गेली. वाजंत्री चालू. नूरभाई शिडीवर. खालूनच ओरडली, "नूरभाई! तुमच्या माळांनी माह्या पेटीचा श्वास कोंडला!"

"अम्मा, दुल्हन के बाप ने पैसे दिए हैं, बंद कैसे करूँ?"

"बंद कोण करा म्हणते? पोरीचं लगन हाय, अंधार करून काय करू? मीटर घेऊन चला."

आला बिचारा, शिडी तशीच सोडून. दाब मोजला, एकशेवीस. आठ आणे! निम्म्यावर. म्या मनात केलं, निम्म्याचं निम्मं, ऊब चार आणे. पण तार थंडी, वाट देईन, थोडी जास्त असन. साठच्या बल्बाची धार मोजली, टिंब सतरा. एकशेवीस गुणिले टिंब सतरा, हे नूरभाईनं पाटीवर केलं, वीस निघाले. साठाचे वीस. तिसरा हिस्सा.

तिसरा हिस्सा म्हणजे सोपं! तिप्पट बल्ब पाहिजेत. साठ वॅट ऊब पाहिजे तं एकशेऐंशीचे बल्ब. पेटीत शंभरचे आहेत. ऐंशी कमी.

घरात राह्यले दोन. सैपाकघरातला पंचवीसचा अन् खोलीतला, वसंताच्या टेबलावरचा साठचा. तो तिथी ऑफिसचे कागद घेऊन बसला होता.

मी जाऊन दारात उभी राह्यली.

त्यानं माह्याकडे पाह्यलं, मंग नूरभाईकडे, मंग दिव्याकडे. उठला. फडकं घेऊन गरम बल्ब काढला, अंधारातच माह्या हाती दिला. "घे. अन् पंचवीसचाही काढतो. बेरीज बरोबर केली का? एकशेपंच्याऐंशी होते."

"पाच जास्त चालतीन."

नूरभाईनं चार होल्डर टांगले. सारं घर अंधारात, कंदील लावला, पेटीची खिडकी तेवढी लाल. पारा चढला, शंभराले टेकला. सगुणाबाई म्हणे, "आता दिवसा दिवा म्हणणार नाई मी कधी."

एक घोर राह्यला. लगन उरकलं का माळा निघतीन अन् दाब एकदम सोळा आणे होईन. तवा चारीच्या चारी चालू राह्यले तं एका घटकेत सारं उकडन. म्या म्हटलं मी बसते. वसंता म्हणे, "तू जेव, निज. पाठ दुखते तुही. मी बसतो. कोणता आधी काढायचा?"

"तुहा."

३१ मार्च

मी निजली होती, मांडवातल्या माळा कवा निघाल्या मले ठाऊक नाही. सकाळी उठून आली तं पेटीत साठचा एकटा, नळी शंभरावर एक, अन् वसंता भिंतीले टेकून बसल्याजागी झोपलेला. बाकीचे तीन बल्ब मांडीवर, फडक्यात.

एका अंड्याले चीर गेली आहे. चांदणीवानी. मधात भोक, त्यातून चोच, पिवळी, मोहरीएवढी. ओरडते. इतका मोठा आवाज इतक्याश्या भोकातून! दुसऱ्या दोघांत टोकटोक आहे. बाकीचे गप्प. कालपासून गप्प का नुसते थकले, कान लावून कळत नाही.

वसंता उठला, तोंडही न धुता पेटीपुढं उकिडवा बसला. मार्चअखेर म्हणून रविवारीही ऑफिस, त्याची वेळ होऊन राहिली. चोच दोनदा आत गेली, दोनदा बाहेर आली. मंग थांबली. त्यानं नखानं कवच सोलायले हात घातला, म्या चापट मारली.

"हात नोको लावू. सोललेलं पिलू उभं राहत नाई."

"दमलं माय ते."

"दमू दे. दमून पुन्हा मारन."

"किती वेळ लागन पण?"

त्याले दाब सांगीन, धार सांगीन, आण्याआण्यानं ऊब सांगीन. याचा हिशेब मात्र कमललेही येत नाही, मलेही येत नाही. म्या त्याले तसंच सांगतलं.

सगुणाबाई चहा घेऊन आली, दोघांच्या मधात बसली. वसंतानं शर्ट अंगात घातला आहे, गुंड्या लावल्या नाहीत. आता चोच पुन्हा बाहेर आली, वही ठेवते.